चकत्यांची कंपनी

झेंडावंदनाहून परतताना संघर्षच्या एका हातात जिलेबीचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात जाड पिवळं पाकीट. जिलेबी त्यानं आल्या आल्या आईच्या, लताबाईच्या हवाली केली, पाकीट मात्र काखेत मारलं. त्याच्या बापानं, धोंडीरामनं ते पाहिलं. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाच्या नजरेतून अशा गोष्टी सहसा सुटत नाहीत. पण घाई कसली? पोराला जे सांगायचं असेल ते पोरगा बैठकीत सांगेल.

फंडाची बैठक दर सव्वीस जानेवारीला सिडकोतल्या याच घरात भरायची. एकोणनव्वद साली भावंडांनी मिळून हा फंड काढला, तेव्हा हेतू एकच होता: घराण्यातलं एकही पोर पैशावाचून शिकायचं राहू नये. सतरा वर्षं बँकेच्या ठेवीत तो सुखानं वाढत आला. पण आता ठेवीचं व्याज निम्म्यावर आलं होतं आणि कॉलेजांच्या फिया मात्र दुपटी-तिपटीनं चढल्या होत्या. तेव्हा दिवाळीतच ठरलं होतं की पुढच्या बैठकीत शेअरचा विचार करायचा.

मनमाडहून सकाळच्या गाडीनं सावित्रीबाई आली होती. धोंडीरामची ही थोरली बहीण, रेल्वेतल्या गँगमनची विधवा. येवल्याहून एसटीनं धाकटा सहादू आला होता. तो तिथल्याच डेपोत मेकॅनिक होता. मधला भाऊ गोटीराम आणि त्याची बायको अपघातात गेली त्याला सोळा वर्षं झाली. त्यांची रोहिणी नऊ वर्षांची असताना या घरात आली आणि इथलीच झाली. आता ती शहरातल्या एका सहकारी बँकेत कॉम्प्युटर विभाग सांभाळत होती.

"रोहिणी कुठंय?" धोंडीरामनं विचारलं.

"पोहे करतेय," लताबाई घाईनं म्हणाली. "तुम्ही सुरू करा. तिचं काय एवढं."

हेही धोंडीरामनं मनात टिपून ठेवलं. फंडाच्या बैठकीत 'तिचं काय एवढं' असं लताबाई आजवर कधी म्हणाली नव्हती.

संघर्षनं पाकीट उघडलं. आतून अर्जांचा गठ्ठा निघाला. वरच्या कोपऱ्यात डोंगराचं चित्र आणि खाली नाव: अंजनेरी ऑप्टिकल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कंपनीत सीडी बनायच्या, आणि संघर्ष तिथं सहा वर्षं सुपरवायझर होता.

"पप्पा, काका, आत्या, नीट ऐका," तो उभा राहूनच बोलू लागला. "कंपनी पहिल्यांदाच शेअर बाजारात उतरतेय. आम्हा कामगारांना वेगळा कोटा आहे. आज जगात जिकडं बघाल तिकडं डेटा आहे. फोटो, गाणी, हिशोब, एक्स-रे. हे सगळं साठवायचं कशात? सीडीत. आता डीव्हीडीची नवी लाइन टाकतायत. एका डीव्हीडीत सहा सीडींचा माल मावतो."

"म्हंजी त्या चकत्याच ना?" सावित्रीबाईनं विचारलं. "माझ्या नातवाच्या बारशाच्या दोन हायेत घरात."

"त्याच, आत्या."

"मग काय बघायचं त्यात! आपलं पोरगं जिथं राबतं, तिथंच आपला पैसा लावायचा. लोकाच्या कंपनीचं भलं कशापायी करायचं? माझा हात वर हाय."

सहादू मात्र मान खाजवत बसला होता. त्याची शुभांगी यंदा बारावीला होती. तिला फार्मसीला घालायचं होतं. "भाऊ, मला यातलं काय कळत नाय," तो धोंडीरामकडं वळून म्हणाला. "पोरीची फी जूनमधी भरायचीय. तेवढी सुटली पायजे. बाकी तुमी म्हणाल तसं."

धोंडीराम पाणी प्यायच्या निमित्तानं उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकला. आत लताबाई दबक्या आवाजात बोलत होती.

"तू इंजिनिअर आहेस बाई, तुला जास्त कळतं, हे मला मान्य आहे. पण आजच्या दिवस गप्प बस. सहा वर्षांत पहिल्यांदा तो काही मागायला उभा राहिलाय."

"मी कुठं काय बोलतेय, मोठ्याई," रोहिणी म्हणाली. 

धोंडीरामनं पाणी न पिताच हाक मारली. "रोहिणी, बाहेर ये. पोहे मागून."

ती हात पुसत बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"तुझ्या बँकेत रोजचा डेटा कशात साठवतात?"

तिनं आधी संघर्षकडं पाहिलं, मग लताबाईकडं. "आधी सीडीत साठवायचो, मोठे पप्पा. रोज संध्याकाळी दोन सीडी भरून हेड ऑफिसला पाठवायचो."

"आधी म्हणजे कधी? आणि आता?"

"दिवाळीपर्यंत. आता संचय नावाची कंपनी आहे. नवी मुंबईत त्यांची मोठी इमारत आहे, नुसती कॉम्प्युटरांनी भरलेली. आमचा डेटा वायरीतून थेट तिथं जातो. त्यांचे शेअर बाजारात आहेत. मागच्या वर्षी आम्ही पाचशेच्या वर सीडी घेतल्या होत्या. या वर्षी चाळीसही लागणार नाहीत. आणि दादा, सीडीचा भाव बघ ना. मी कॉलेजात होते तेव्हा एक सीडी पन्नासला मिळायची. आता सात रुपयांना मिळते. बाहेरचा माल तर पाचला."

"बँक म्हणजे जग नाही," संघर्ष ताडकन म्हणाला. "लग्नाचा व्हिडिओवाला काय वायरीतून डेटा पाठवतो? माणसाला आपला फोटो आपल्या हातात लागतो. आणि तुझी ती संचय! तीन वर्षं झाली, एक पैशाचा नफा नाही. मीही वाचतो पेपर. तेच काम अर्ध्या भावात करणाऱ्या आणखी दोन कंपन्या आल्यात तिच्या मागं. आमच्या धंद्यात चढाओढ आहे, मग त्यांच्या धंद्यात नाही का?"

"आहे," रोहिणी म्हणाली. "मी नाही कुठं म्हणते."

"आन लाइट गेल्यावर?" सावित्रीबाईनं मध्येच तोंड घातलं. "आमच्याकडं रोज पाच-पाच तास लोडशेडिंग. तवा तुझ्या बँकेचा पैसा अंधारात चाचपडत बसतो व्हय?"

सहादू खो खो हसला. रोहिणीलाही हसू आलं. "त्यांची स्वतःची जनरेटरं असतात, आत्या. दोन दिवस लाइट नसली तरी चालतं."

हसण्यानं हवा जरा निवळली असं वाटलं. तेवढ्यात संघर्ष खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"तुझ्या डिग्रीला फंड चालला. माझ्या कंपनीला चालत नाही."

 बाहेर गल्लीत कुणीतरी लाउडस्पीकर लावला होता, तेवढंच ऐकू येत राहिलं.

नव्याण्णव सालची गोष्ट या घरात कुणी काढत नसे. त्या वर्षी संघर्षचा डिप्लोमा झाला आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला त्याला थेट प्रवेश मिळाला. त्याच महिन्यात रोहिणीलाही इंजिनिअरिंगची सीट लागली. फंडात एकाचीच फी होती. तेव्हा सावित्रीबाई म्हणाली होती, "आदी पोरीला. मला चौथीतनं काढलं व्हतं, तवा कुणी इचारलं नाय." संघर्ष हूं की चूं न करता अंबडला कामाला लागला. पहिल्या पगारात त्यानं रोहिणीला कॅल्क्युलेटर आणून दिला होता.

रोहिणी वळली आणि गच्चीकडं निघून गेली. लताबाई तिच्यामागं जायला उठली, पुन्हा बसली. कुणाच्या बाजूनं जावं हेच तिला कळेना.

"संघर्ष," धोंडीराम म्हणाला, "स्कूटर काढ. तुझी कंपनी दाखव मला."

"आज सुट्टी आहे, पप्पा. लाइन बंद असेल."

"लाइन नाही बघायची. गोदाम बघायचं."

सिडकोतून अंबड किती लांब! दहा मिनिटांचा रस्ता.  फाटकावरच्या वॉचमननं साहेबांचे वडील म्हणून धोंडीरामला सलाम ठोकला आणि गोदामाचं दार उघडून दिलं.

आत खोकीच खोकी. जमिनीपासून पत्र्यापर्यंत रचलेली. मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. धोंडीराम त्या वाटेनं सावकाश शेवटपर्यंत गेला. प्रत्येक थप्पीवरची तारीख वाचत गेला आणि वाचत परत आला. खोकी उत्तम बांधलेली होती. लेबलं सरळ होती. त्यानं एक सीडी काढून उजेडात धरली, तिरकी केली. एक ओरखडा नाही, एक बुडबुडा नाही.

"माल तुझ्या हातचा?"

"माझ्या शिफ्टचा."

"झकास आहे. मी असतो तर डोळे झाकून पास केला असता." त्यानं सीडी परत ठेवली. "पण यावर गेल्या मार्चची तारीख आहे. माल इतका चांगला असून दहा महिने इथं का पडलाय?"

संघर्ष खोक्याला टेकून उभा राहिला.  मग म्हणाला, "गणपतीपासून तीनच्या दोन शिफ्ट झाल्या. दिवाळीनंतर आम्ही थप्प्या मोजायच्याच सोडल्या. रोहिणी म्हणाली ते खोटं नाही, पप्पा. मला काय ते माहीत नव्हतं?"

"मग फॉर्म कशाला आणलेस?"

"मॅनेजरनं सांगितलं, जो पन्नास फॉर्म भरून आणील त्याला डीव्हीडीची लाइन. पण नुसतं तेवढंच नाही." तो खोक्यावरचं लेबल नखानं खरवडू लागला. "ही कंपनी बसली तर मला कोण विचारणार? डिप्लोमावाले हजार पडलेत. मला दुसरं काय येतं? म्हटलं, आपण सगळ्यांनी हात लावला तर उभी राहील."

धोंडीरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा वीस वर्षांचा झाल्यापासून त्यानं असा हात ठेवला नव्हता.

"आमच्याकडं एखादा भाग नापास झाला की लाल चिठ्ठी लावायचो," तो म्हणाला. "नव्यानं आलेली पोरं रडकुंडीला यायची. मी त्यांना सांगायचो, चिठ्ठी भागाला लावलीय, बनवणाऱ्याला नाही. चल घरी. आईनं जेवण खोळंबवून ठेवलं असेल."

घरी आले तेव्हा रोहिणी गच्चीवरून खाली आलेली होती. सावित्रीबाईनं तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं होतं. संघर्षनं चपला काढल्या, सरळ आत गेला आणि अर्जांचा गठ्ठा पाकिटात भरून पाकीट कपाटावर टाकलं.

"हे परत नेतो," तो म्हणाला. "गोदाम गळ्यापर्यंत भरलंय. रोहिणीचं बरोबर आहे. आणि मघाशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

"दादा, तुझंही बरोबर होतं," रोहिणी म्हणाली. "संचयच्या मागं दोन कंपन्या आहेत हे मी सांगायला हवं होतं. त्यातल्या एकीचे लोक आमच्या मॅनेजरला भेटूनही गेले. तू म्हणालास म्हणून मी वर बसून विचार केला. सगळे पैसे त्यातही घालू नयेत."

"मग कुणात घालायचे?" सहादू रडवेला झाला. "ही पन नाय, ती पन नाय."

संघर्ष पाटावर बसला. "त्या तिघींपैकी जमीन आणि इमारत कुणाची स्वतःची आहे? भाड्याच्या जागेत असलं काम करणारी पहिली बुडेल. यंत्रं हलवता येत नाहीत."

"संचयची स्वतःची आहे. बाकी दोघी भाड्यानं आहेत."

"आणि गिऱ्हाइकं? वर्षाच्या कराराची की पाच वर्षांच्या?"

"आमच्या बँकेचा पाच वर्षांचा आहे. डेटा एकदा तिथं गेला की उठून दुसरीकडं न्यायचा म्हणजे जिवावर येतं, दादा. आम्हाला तो तिकडं न्यायलाच तीन महिने लागले."

"मग गिऱ्हाईक टिकेल. नफा उशिरा होईल, पण होईल."

धोंडीराम ऐकत होता. सकाळी ही दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होती. आता एकाच नगाला दोन बाजूंनी पारखत होती. असे तपासनीस मिळाले असते तर ओझरला त्याला निम्मंच काम पडलं असतं.

पिठलं-भाकरी खाता खाताच ठरलं. शुभांगीची फी बाजूला, तिला हात लावायचा नाही. उरलेल्यातला तिसरा हिस्सा संचयमध्ये, बाकीचा ठेवीतच. सहादूनं सुटकेचा श्वास सोडला आणि तिसरी भाकरी मागून घेतली. बैठक संपली असं समजून लताबाई जिलेबी वाढायला उठली.

"थांब, लता," सावित्रीबाई म्हणाली. "माझं राहिलंय."

सगळे तिच्याकडं पाहू लागले.

"फंड कशापायी काढला व्हता आपण? शेअरसाठी? चकत्यांसाठी? पोरांच्या शाळंसाठी ना? मग या घरातल्या एका पोराची शाळा राहिलीय. सात वरसं झाली. मीच मागं टाकली. पोरीला आदी म्हन्ले त्यात माझं काय चुकलं नाय, अजून पन तेच म्हनीन. पन 'मागून पोराला' हे म्हनायचं मी इसरले. आज सकाळी त्याच्या कंपनीसाठी हात वर केला तो त्यापायीच. मला चकत्यांतलं काय कळतं?"

"आत्या, मी सत्तावीसचा झालो," संघर्ष गडबडला. "आता कुठं कॉलेज?"

"संध्याकाळची डिग्री असते, नोकरीवाल्यांसाठी," रोहिणी पटकन म्हणाली. "आमच्या बँकेतला एक जण करतोय. तो पस्तिशीचा आहे. आणि दादा, संचयची इमारत मी आतून बघितलीय. तिथं धुळीचा कण चालत नाही. हवा किती गार, किती कोरडी, सगळं मोजूनमापून. तू सहा वर्षं पांढरा डगला घालून सीडीच्या लाइनवर तेच करतोयस. तुला दुसरं काही येत नाही असं कोण म्हणालं?"

संघर्षनं चमकून बापाकडं पाहिलं. धोंडीराम जिलेबीकडं बघत होता. त्यानं तर अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. पोरीनं आपलं आपणच ओळखलं होतं.

"बोल की," लताबाई पोराला म्हणाली. तिचा पदर डोळ्याला गेला होता, पण ती हसत होती. "सकाळपासून तुझ्यापायी माझा जीव टांगणीला लागलाय. हो म्हण एकदाचं."

संघर्षनं मान हलवली. सावित्रीबाईनं पुड्यातली सगळ्यात मोठी जिलेबी उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली.

जुलैत त्याला प्रवेश मिळाला. डीव्हीडीची लाइन दुसऱ्याच कुणाला मिळाली होती, पण संघर्षनं त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. शुभांगी फार्मसीला गेली. संचयचा भाव कधी चढायचा, कधी उतरायचा. मनमाडहून सावित्रीबाई दर रविवारी फोन करून त्याची चौकशी करायची आणि उतरला असं ऐकलं की कंपनीला खरपूस शिव्या घालायची. पुढच्या रविवारी चढला की तिचा राग जायचा.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी लताबाईनं पानं घेतली आणि धोंडीरामला पोरांना बोलवायला पाठवलं. संघर्षची परीक्षा जवळ आली होती. गणिताचा तिसरा पेपर, ज्याला सगळे एम-थ्री म्हणतात, त्याच्या डोक्यावर बसला होता. दोघं गच्चीवर दिवा लावून बसली होती. धोंडीराम जिना चढू लागला, तर वरून संघर्षचा वैतागलेला आवाज आला.

"नाही जमत मला. सोड. मेंदूला गंज चढलाय. तुझं बरं होतं, तू हुशार."

"हुशार?" रोहिणी म्हणाली. तिनं वही मिटल्याचा आवाज आला. "दादा, एक सांगू? कुणाला बोलणार नाहीस?"

"काय?"

"एम-थ्रीत मी नापास झाले होते. पहिल्या खेपेला. एकतीस मार्क."

"काय सांगतेस! घरात कुणाला माहीतच नाही!"

"कुणाला सांगणार? फंडातून शिकत होते. तू अंबडला रात्रपाळ्या करत होतास. तुझ्या तोंडाकडं बघायची सोय होती का मला? मैत्रिणीच्या घरी बसून पुन्हा अभ्यास केला, पास झाले, आणि मग घरी नुसता पासचा कागद दाखवला."

 मग संघर्ष हसायला लागला. आधी हळू, मग गडगडून. पाठोपाठ रोहिणीही. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं इतकं ती दोघं हसली.

"एकतीस?"

"एकतीस."

"आण ती वही," संघर्ष म्हणाला. "पहिल्यापासून सांग. मला बत्तीस तरी पाडायचेच."

धोंडीराम अर्ध्या जिन्यात उभा होता. रोहिणीच्या त्या वर्षाचा पासचा कागद त्यानं स्वतःच्या हातानं फायलीला लावला होता, आणि त्याला काहीच दिसलं नव्हतं. तो आवाज न करता मागं वळला आणि खाली आला.

"काय झालं? येतायत ना?" लताबाईनं विचारलं.

"येतील," तो म्हणाला. "पानं झाकून ठेव थोडा वेळ. त्यांचं अजून व्हायचंय."